उलटा हात

हात उलटा करूनच तो दाराला लावायचा. तळव्यानं कधी नाही. तुम्ही वायरमनला काम करताना नीट पाहिलं असेल तर कळेल. तळव्याला करंट लागला की मूठ आवळते आणि माणूस चिकटतो. म्हणून टेस्टर लावून झाल्यावरही हा उलटाच हात लावणार. पुढं सवयच झाली. चहाच्या कपालाही तसाच.

गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "बायकोलाबी उलटाच हात लावता का, वायरमनदादा?"

"बायकू कुठं हाय? असती तर आदी टेस्टर लावला असता."

सोनपेठला आमच्या गल्लीत तो भाड्यानं राहायचा. मृग जवळ आला की घरोघर फिरून वायरी बघायचा. कुणी बोलावलेलं नसायचं. "आमच्यात काय बिघडलं न्हाई," म्हटलं की ठरलेलं उत्तर, "बिघडलं म्हणून न्हाई आलो. बिघडू नये म्हणून आलो."

माझा नवरा वारला होता. घरात मी, लहान पोरगी आणि एक शेळी. अंगणातल्या पत्र्याच्या छपराला लोखंडी खांब होता. शेळी तिथंच बांधायची. पण सडा टाकला की ती खांबाकडं जायची नाही, ओढली तर ओरडायची. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. मी खांबाला काळा दोरा बांधला, लिंबू लटकवलं. तरी जाईना, मग काठीनं बडवली.

वायरमन आला आणि लिंबू बघून हसला. "हे काय, बाई?"

"शेळीला नजर लागलीय."

त्यानं खांबाला टेस्टर लावला. आतला बारका दिवा पेटला. त्याचं हसू गेलं.

"नजर न्हाई, करंट हाय. शेळीला कळलं, तुमाला न्हाई."

माझी पोरगी त्याच खांबाला धरून गरगर फिरायची. ती फिरायची तेव्हा जमीन कोरडी असायची, पायात चपला असायच्या, म्हणून वाचली. पाऊस तर तोंडावर आला होता.

पत्र्याच्या धारेनं वायरीची साल कापली होती. मेन स्विच बंद करून त्यानं वायर बदलली. पुन्हा टेस्टर लावला, मग उलटा हात.

"बांधा आता शेळी. अन् त्या लिंबाचं सरबत करा."

केलं. दोन पेले प्याला.

पुढं दर साली मी मृगाची वाट बघायला लागले. लोक काहीबाही बोलले. सगळ्यांच्या घरी थांबायचा तेवढाच तो माझ्याकडं थांबायचा. मला ते कमी वाटायचं, एवढंच.

मग त्याची जिंतूरला बदली झाली. निघताना वळकटी दारात ठेवून त्यानं खांब बघितला. तेव्हा मृग लांब होता.

"दर साली बघून घेत जावा, बाई. मी नसलो तर दुसरा येईल."

"न बोलावता कोण येतंय?"

वळकटी उचलून एसटीकडं गेला. जिंतूर काही लांब नाही. तो आला नाही, मीही गेले नाही.

आता मृगाआधी मीच वायरमन बोलावते. तो विचारतो, "काय बिघडलंय, आजी?"

"काय न्हाई. बिघडू नये म्हणून बोलावलं."

तो टेस्टर लावतो आणि खांबावर सरळ तळवा ठेवायला जातो.

"उलटा लाव रे."

त्यानं हात उलटा केला की मी दुसरीकडं बघते.