दुर्गाताई उठली की वाक्य कापायचं

आमच्या भोईवाड्याच्या चाळीत डॉक्टर दोन. एक इंजेक्शन देतो, दुसरा यासीन तिसेकर. त्याची डॉक्टरी इतिहासातली. आज तो विद्यापीठाचा कुलगुरू आहे, पण त्याला तयार केला मी, शेजारच्या खोलीतल्या दुर्गाने. हसू नका, तो स्वतः सांगतो.

कॉलेजात शिकवायला लागला, तर पहिल्याच तासाला निम्मा वर्ग मागच्या दाराने पसार. घरी आला तो तोंड एवढंसं करून. मी गॅलरीत सुकट निवडत होते. म्हटलं, "काय शिकवलंस ते मला सांग." सांगितलंन. थोड्या वेळाने मी आत जायला उठले.

"ताई, दूध ठेवलंयस गॅसवर?"

"नाही रे. कंटाळा आला."

तेव्हापासून कायदाच झाला. प्रत्येक लेक्चर आधी गॅलरीत. मी उठले की वाक्य कापायचं. करता करता दाभोळ बंदरात अरबी घोडे असे उतरवायला लागला मेला, की सुकट हातातच राहायची. जुने फारसी कागद वाचून त्याने पुस्तकं लिहिली, विभागप्रमुख झाला, मग कुलगुरू. कायदा तोच.

पुढे आला त्याचा पहिला पदवीदान समारंभ. भाषण ऑफिसने लिहून दिलेलं. तेवढं एक गॅलरीत आलं नाही. "वेळ नाही गो ताई," म्हणाला. माझं डोकंच फिरलं. कुलगुरू झाला म्हणून शिंगं फुटली काय? पण काळजीही वाटली. तेव्हासारखी पोरं उठून गेली तर हा पुन्हा तसंच तोंड घेऊन घरी येणार.

सभागृहात मी दुसऱ्या रांगेत. लाल झगा घातलेला यासीन वाचायला लागला, "ज्ञानाधिष्ठित समाजाच्या बहुआयामी जडणघडणीत..." मागे पोरं मोबाइलमध्ये. दोघं-तिघं दाराकडे सटकली. शेजारचे साहेब पेंगत होते. मी ऐकलं, ऐकलं आणि सरळ उभी राहिले.

यासीन थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. लाजेने अर्धी झाले, पण बसले नाही. त्याने चष्मा काढला, कागद मिटला.

"दुर्गाताई, बस. पहिल्यापासून सांगतो. पोरांनो, माझ्या पहिल्या तासाला निम्मा वर्ग पळाला होता."

सभागृह हसलं. मोबाइल खिशात गेले, दारातली पोरं तिथेच भिंतीला टेकली. मग मी खाली बसले.

मग तो बोलतच राहिला. माझे पाय आखडले, घशाला कोरड पडली, तरी जागची हलले नाही. पाण्यासाठी जरी उठले असते ना, तर चांगलं चाललेलं वाक्य कापलं असतं मेल्याने.