बहिरमच्या जत्रेत पाखरीचं पोट फुगलं

पौषातल्या त्या दुपारी मी बहिरमबुवाच्या टेकडीच्या पायथ्याशी उभा राहून देवाला शिव्या दिल्या. मनात नाही, मोठ्यानं दिल्या. आजूबाजूला जत्रा भरलेली, गोवऱ्यांच्या आगीत रोडगे भाजणं चालू, मटणाच्या हंड्या रटरटत होत्या, आणि माझी घोडी पाखरी माझ्या पायाशी धुळीत लोळत होती. जन्मभर ज्याला लोणी-शेंदूर वाहिला त्याच्याच दारात हे व्हावं? मला वाटलं, वर नुसता दगड आहे. आपण येडे, उगीच इतक्या वर्षांपासून त्याच्या पायऱ्या चढून राहिलो.

मी चांदूर बाजाराकडचा माळी माणूस. भाजीपाला लावतो, शेवंती लावतो, आणि लगनसराईत पाखरीला नवरदेवासाठी घेऊन जातो. शाळा थोडीच झाली, लिहायची सवय नाही, म्हणून जसं झालं तसंच सांगतो. घरात मी आणि माझी बायको, दोघंच. लेक दिल्या घरी सुखी आहे. पाखरी शिंगरू होती तेव्हा आमच्या दारात आली आणि तेव्हापासून आमचं बोलणं-चालणं सारं तिच्याभोवती. सकाळी माझ्या चहाच्या आधी तिचा खरारा. लग्नात बँड कानाशी वाजला, फटाके फुटले, तरी ती हलत नाही, फक्त माझ्याकडे पाहते. तिचा दोर मी कधी कोणाच्या हातात दिला नाही. जावई एकदा मागायला आला तर त्यालाही म्हटलं, तुम्ही पाहुणे, तुम्ही पाटावर बसा. गावात लोक म्हणत, घोड्याच्या बाबतीत या बुढ्यासमोर तोंड उघडू नका. मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

दरवर्षी जत्रेला मी तिला चालवत बहिरमला नेतो. शिंगरू असताना ती एकदा फार आजारी पडली होती, तेव्हाचा नवस आहे. तिच्या कपाळाला शेंदराचा टिळा लावला, गळ्यात शेवंतीची माळ घातली की जत्रेतली माणसं तिला देवाचंच घोडं समजतात. बायाबापड्या पाया पडतात, लेकरांना तिच्या पाठीला हात लावू देतात, आणि ज्याच्या त्याच्या राहुटीतून तिच्यासाठी रोडगा येतो. रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा, गोवऱ्यांच्या आगीत भाजलेला, वरून तुपात बुडवलेला. माणसानं दोन खाल्ले तर संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही. पाखरीनं मागच्या साली खाल्ले होते, त्याच्या मागच्या सालीही खाल्ले होते, तिला काही झालं नव्हतं. या साली रविवार आला, गर्दी दुप्पट, आणि जो येईल तो तिच्या तोंडाशी रोडगा धरत होता. मी नाही म्हणालो नाही. माझ्या घोडीला लोक पुजतात, याचा मला केवढा तोरा!

बायको चुलीपाशी वांग्याची भाजी करत होती. तिथूनच ओरडली, "अवो, पुरे करा न आता! ते जनावर हाय, पंगतीतला पाव्हना नोय."

मी म्हटलं, "देवाच्या दारचा घास हाय. बाधत नसते. तू तुह्यी भाजी पाय."

दुपार कलल्यावर पाखरी पुढच्या पायानं जमीन उकरायला लागली. मग मान वळवून आपल्याच पोटाकडे पाहायला लागली, जणू तिथं कोणी तिला हाक मारत होतं. मला वाटलं माशा असतील. पण तिच्या मानेवर थंडीच्या दिवसात घाम आला, आणि एकाएकी तिनं पाय दुमडले आणि अंग टाकलं. उठवली, पुन्हा पडली. पोट नगाऱ्यासारखं टणक. शेपटीखाली पाहिलं तर सकाळपासून लीद नाही.

लोक जमले आणि ज्याला जे सुचेल ते सांगायला लागले. कोणी म्हणे नजर लागली, मिरच्या ओवाळा. कोणी म्हणे मिठाचं पाणी पाजा. एक जण म्हणे, "पयवा तिले, पयवा, हवा सुटते." मी कोणाचं ऐकलं नाही. मला माहीत होतं काय करायचं ते. बैलाचं पोट फुगलं की आम्ही काय करतो? डोकं वर धरतो, बांबूची नळी तोंडात घालतो आणि जवसाचं तेल हिंग टाकून पाजतो. माझ्या बापानं असंच केलं, मी असंच केलं, बैल उठून उभे राहिले. तेल राहुटीत होतंच, बांबू एका रसवंतीवाल्यानं तासून दिला. दोर झाडाच्या फांदीवरून घेतला, पाखरीचं तोंड आभाळाकडे केलं आणि पहिली नळी ओतली. ती खोकली. नाकातून तेल आलं. डोळे पांढरे झाले. मी दुसरी नळी भरली.

"ओ बाबाजी! थांबा! आधी तोंड खाली करा तिचं!"

वळून पाहिलं तर एक पोरगी गर्दीतून घुसत होती. माझ्या लेकीहून लहान. एका हातात अर्धा रोडगा, बोटं रश्श्यानं माखलेली, तोंडातला घास अजून गिळायचा होता. मी विचारलं, "तू कोन वं?"

"जनावरायची डॉक्टर हाय मी. अकोल्याहून हंडी खायले आलो आमी."

"मी घोड्या सांभाळून राह्यलो तवा तू पायन्यात बी नसशील."

"नसीन," ती म्हणाली आणि हातातला रोडगा मागोमाग आलेल्या नवऱ्याच्या हातात कोंबला. "पन ते तेल पोटात नाही चाल्लं, बाबाजी, छातीत चाल्लं. बैल ढेकर देते. घोड्याले ढेकर नाही, उलटी नाही. वरून गेलं ते मागूनच निघते, नाही तर आतच फुटते. अजून एक नळी ओतली न, तर पोटाच्या आधी फुफ्फुसानं मरन ती."

मी हटलो नाही. हट्टानं उभा राहिलो, दोर मुठीत आवळून. भर जत्रेत, जी माणसं आत्ता माझ्या घोडीच्या पाया पडली त्यांच्यासमोर, एक पोरगी मला शिकवून राहिली होती. तेवढ्यात बायको चूल सोडून आली. तिच्या हातात उलथनं तसंच होतं. "द्या न तो दोर तिच्या हातात! तुमच्या ऐटीपायी मारता का पाखरीले?" इतक्या वर्षांच्या संसारात ती चार माणसांत माझ्यावर अशी कधी कडाडली नव्हती.

मी पाखरीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती, लग्नात फटाके फुटताना पाहते तशीच. अजूनही तिचा माझ्यावर भरवसा होता, आणि माझ्या हातात बांबू होता. माझी मूठ आपोआप सैल झाली. मी दोर त्या पोरीच्या हातात दिला.

मग तिनं कोणाला काही विचारलं नाही. गाडीतून बॅग आणवली, गर्दी मागे हटवली. छातीला डॉक्टरची कानातली नळी लावून ऐकलं, तेल थोडंच गेलंय म्हणाली. ओठ उलटून हिरड्या पाहिल्या. पोटाला डावीकडे, उजवीकडे कान लावला. "आतडी मुकी झाली," ती म्हणाली. दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं आणि मला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. कणकेनं आत आंबून गोळा धरला असेल तर आपण तो सोडवू. पण लोळण्यात आतडं पिळलं असेल तर तिच्या हातात काही नाही. त्याचं ऑपरेशन इथं जवळपास कुठं होत नाही, आणि तेवढा वेळ पाखरीकडे नाही. "कोणतं हाय ते मले आत्ता सांगता येत नाही, बाबाजी. संध्याकायपर्यंत ते तिच्या पोटालेच ठरवू द्या."

तिनं एक लांब, पातळ नळी पाखरीच्या नाकातून आत सारली. मला ते पाहवेना. मी तोंड फिरवलं आणि तेवढ्यात मागून सूं सूं असा आवाज आला आणि आंबलेल्या कणकेचा वास सुटला. माझ्या पाखरीच्या पोटात आमची भक्ती अशी सडत पडली होती. "कोमट पानी आना, लय आना," ती म्हणाली. मी निघालो. या राहुटीतून त्या राहुटीत मी पाणी मागत फिरलो. ज्यांनी रोडगे चारले त्याच बाया आपल्या चुलीवरचं पाणी मला ओतून देत होत्या, एकीनं तर हंडीसाठी ठेवलेलं आधण दिलं आणि डोळे पुसले. डॉक्टरणीच्या नवऱ्यानं परतवाड्याकडे गाडी पिटाळली, पोट सुटायचं औषध आणायला. आंबलेलं पाणी निघून गेलं, औषध त्याच नळीनं आत गेलं, आणि मग करायला काही उरलं नाही. पाखरीला हळूहळू फिरवायचं, लोळू द्यायचं नाही, आणि वाट पाहायची.

त्या वाट पाहण्यात माझं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. ती डॉक्टरीण दोर धरून पुढे चालायची, मी मागे, शेपटीकडे नजर लावून. पाखरी दोन पावलं टाकायची, थांबायची, पोटाकडे वळून पाहायची. प्रत्येक वेळी वाटायचं, आता पडली. सुरुवातीला मी देवाशी भांडत होतो. इतकी वर्षं आलो, इतकं लोणी वाहिलं, आता तू दे, तुझ्यावर माझं येणं आहे, असंच माझं बोलणं. पण चालता चालता ते बोलणं संपलं. मला उमगलं की मी देवासमोर कायम जाणकार म्हणूनच उभा राहिलो. हात जोडायचो, पण काय व्हायला पाहिजे ते मीच त्याला सांगायचो. त्या वेळी मला काहीच माहीत नव्हतं, आणि सांगायलाही काही नव्हतं. मी इतकंच म्हणालो, बुवा, तुला न्यायची असेल तर ने, ठेवायची असेल तर ठेव, पण तिला आता कळ देऊ नको. असं म्हणताना मी खरंच रडलो. बायकोनं माझ्या हाताला धरलं.

सूर्य सातपुड्याआड गेला. वर आरतीची घंटा वाजली. ती रोजच वाजते, त्यात मी काही शोधत नाही. पाखरी थांबली. तिनं मागचे पाय थोडे फाकवले, शेपटी उचलली. आधी नुसता वारा सुटला, मग एक लहान, काळसर, चिकट गोळी, आणि मग लीद पडली. थोडीच, पण पडली. डॉक्टरीण खाली बसली, बोटांनी ती फोडून पाहिली, पुन्हा पोटाला कान लावला आणि हसली. "वाजून राह्यलं, बाबाजी! आतडं बोलून राह्यलं!"

मी त्या लिदीपाशी गुडघ्यावर बसलो. लोकांनी पाहिलं, पाहू दे. ती गरम होती. मी तिला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

निघताना तिनं मला सारं बजावलं. आजची रात्र दाणा-कडबा काही नाही, पाणी थोडं थोडं, खुरं गरम लागली किंवा खोकला आला तर लगेच फोन. आणि यापुढे कोणाच्या हातचा एक रोडगाही नाही. बायकोनं तिला भाजी-भाकर खायला बसवायचा आग्रह केला. ती म्हणाली, "माही हंडी केव्हाचीच थंडी झाली, काकू, आता घरी जाऊनच खातो." मी म्हटलं, पोरी, तुला आज बहिरमबुवानंच धाडलं. ती हसून म्हणाली, "मी तर मटनासाठी आली होती, बाबाजी. आमी जयभीमवाले, देवाचं आमाले काही माईत नाही. अन् चमत्कारा-बिमत्कारात मले टाकू नका." मग हात जोडून "जय भीम" म्हणाली. मीही हात जोडले, जय भीम म्हणालो. माझ्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच आला, आणि तो जिभेला जड लागला नाही.

तिचं म्हणणं मानून मी तिचं नाव इथं लिहीत नाही. चमत्कार झाला असंही म्हणत नाही. औषधानं गुण आला हे मी डोळ्यानं पाहिलं. पण इतक्या मोठ्या जत्रेत, त्याच घटकेला, तीच पोरगी आमच्याच झाडाशेजारी जेवायला बसली होती, याचा हिशेब मला लागत नाही, आणि तो लावायची घाईही नाही. मी नुसता ऋणी आहे, देवाचा आणि तिचा. त्यातला कोण किती, हे वेगळं काढायला मी बसत नाही.

त्या रात्री पाखरीजवळ बायको बसली आणि मला म्हणाली, जाऊन या वर. मी पायऱ्या चढलो. जवळ लोणी नव्हतं, शेंदूर नव्हता, हाताला लिदीचा वास होता. देवासमोर उभा राहिलो. दरवर्षी मी त्याला काही ना काही सांगतो, पिकाचं, पावसाचं, लेकीचं. त्या दिवशी काहीच सांगितलं नाही. बराच वेळ उभा होतो. मागच्या माणसानं हळूच पाठीला हात लावला तेव्हा बाजूला झालो आणि खाली आलो. पाखरी उभी होती.