थोरल्याच्या नावावर

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच घर बांधलं आणि मरेपर्यंत त्याचं भाडं भरलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

वडील कोल्हापुरात शाळामास्तर होते. शहराच्या जुन्या भागात आम्ही एका खोलीत राहायचो. प्लेगात सगळं शहर रानात झोपड्या घालून राहिलं होतं. साथ ओसरल्यावर लोक परतले ते थेट घरमालकांच्या तावडीत. निम्मा पगार भाड्यात जाई आणि उरलेल्यात आई पाच तोंडांचं भागवी. भाकरीबरोबर कालवण असलं तर आमचा सण.

त्याच सुमारास महाराजांच्या दरबारानं वेशीबाहेरच्या माळावर नवी पेठ आखायला घेतली. शहरात ज्याचं घर नाही त्याला थोडक्या नजराण्यात जागा मिळणार होती. अट एकच, वर्षाच्या आत घर उभं राहिलं पाहिजे. चुन्याच्या फक्कीनं आखलेले ते चौकोन बघायला आई रोज संध्याकाळी मला घेऊन जायची. कोपऱ्यावरच्या तुकड्यात उभी राहून सांगायची, इथं चूल, इथं न्हाणी, इथं तुम्ही पोरी निजायच्या.

वडिलांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात अर्ज लिहिला आणि त्यात नाव घातलं थोरल्या भावाचं. हे माझे चुलते आजऱ्याकडं गावी राहत. तिथं त्यांचं घर होतं, शेत होतं. कोल्हापुरात ते पाव्हण्यासारखे येत. पण घराण्याचे कर्ते तेच. कचेरीत मी वडिलांबरोबर गेले होते. कारकुनानं अर्ज वाचला आणि मान वर केली.

"मास्तर, तिथं ऱ्हाणार कोण?"

"आम्हीच."

"मग तुमचं नाव घाला की. हे तर गावाकडं असत्यात."

"दादा हाईत की अजून. ते असताना माझं नाव कसं घालायचं?"

"बघा बाबा. उद्या कागद बोलतो, माणूस न्हाय."

वडील हसले. दुसऱ्याच्या पोरांना स्वतःचं नाव लिहायला शिकवणारा हा माणूस. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

शाळा सुटली की वडील माती तुडवायला यायचे. आईनं डोक्यावरून पाणी वाहिलं, हाताची सालं जाईपर्यंत भिंती लिंपल्या. चुलत्यांनी गावाकडून वाशांची एक गाडी पाठवली. अकराव्या महिन्यात कौलं चढली. भाडं नसलेल्या पहिल्या महिन्यात आईनं आम्हा बहिणींना नवे परकर शिवले. दोन वर्षं आम्ही माणसांत होतो.

मग पेठ भरली. गुळाचे व्यापारी आले आणि जागेला भाव चढला. चुलते एक दिवस आले, पोटभर जेवले, सुपारी कातरता कातरता म्हणाले, "एका व्यापाऱ्यानं घर मागितलंय. भाडं चांगलं देतोय. पण तुम्ही घरची माणसं, त्याच्यापरीस कमी द्या म्हंजे झालं."

आई दाराआडून बोलली, "भिंती आम्ही लिंपल्यात, भावजी."

"वासं माझं हाईत की," चुलते म्हणाले, "आणि नावबी."

आईनं वडिलांकडं पाहिलं. वडील सुपारीच्या तबकाकडं बघत बसले.

ओळखीच्या वकिलानं सांगितलं, दावा लावा, निम्मा हिस्सा तरी सुटेल. वडील म्हणाले, "भावाला कोर्टात उभं करू व्हय?" भावाला त्यांनी नाही उभं केलं. बायकोला मात्र तिनंच लिंपलेल्या घरात जन्मभर भाडेकरू करून ठेवलं. भिंतीत खुंटी ठोकायची तरी आजऱ्याला निरोप जाई. कालवण पुन्हा सणावर गेलं. आईनं वडिलांशी भांडणं सोडून दिलं. मला वाटतं, तिनं त्यांच्याशी बोलणंच सोडलं होतं, फक्त वाढून द्यायची.

दर दिवाळीला चुलते वर्षाचं भाडं न्यायला येत. वडील पैसे त्यांच्या हातावर ठेवत आणि वाकून पाया पडत. चुलते पैसे कनवटीला लावत, मग त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत, "सुखी ऱ्हा. तुझंबी एक घर हुंदे."

आणि माझे शिकलेले वडील मान खाली घालून म्हणत, "तुमची कृपा, दादा."