वायहेकेच्या बोटीवरच्या ताई

“काहून भेता जी? बुडालो तर सोबतच बुडू!”

लाट आली की ताई असं म्हणायच्या आणि समोरच्या सीटचा दांडा आवळून धरायच्या. भीत त्याही होत्या. पण कबूल करतील तर त्या नागपूरच्या कसल्या!

ऑकलंडहून फेरीबोटीने आम्ही दोघी वायहेके बेटावर कामाला जायचो. दवाखान्यात त्या नर्स, मी फार्मसिस्ट. रंगीतोतोचा काळा ज्वालामुखी दिसू लागला की त्या डबा उघडायच्या. शेजारचा गोरा “स्मेल्स गुड” म्हणाला की त्याला ठेचा चाखवायच्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं की मला म्हणायच्या, “तो ज्वालामुखी विझला म्हणतात. माह्या ठेच्याचं नाही सांगता येत.” अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पहिल्या भेटीत ती नुसती गमतीची वाटतात.

एका संध्याकाळी परतताना वादळाने गाठलं. बोट लाटेवर चढायची आणि धाडकन आपटायची. लोक पिशव्यांत ओकत होते. आमच्या पुढच्या रांगेत एका धिप्पाड माणसाने बायकोचे केस धरले आणि तिचं तोंड सीटच्या कडेवर आपटलं. मग पुन्हा आपटलं.

“सोड तिला!” ताई ओरडल्या, चक्क मराठीत.

त्याने वळून ठोसा हाणला. ताई दारावर आदळल्या. तोंडातून रक्त आलं. मी किंचाळून खलाशाला बोलावलं. त्या माणसाने त्यालाही ढकललं. तेवढ्यात ताई उठून त्या बाईपुढे उभ्या राहिल्या. त्याने लाथ उगारली आणि बोट खाली कोसळली. तो उताणा पडला. कँटीनच्या कठड्यावर डोकं फुटलं, रक्ताचं थारोळं झालं.

ताईंनी गळ्यातला स्कार्फ त्याच्या जखमेवर दाबून धरला.

“मरू दे ना त्याला!” मी म्हटलं.

“नर्स आहे ना जी मी,” त्या पुटपुटल्या. शब्द धड फुटत नव्हते. तो कळवळला, तरी हात काही सैल केला नाही. मला वाटतं, जरा जास्तच दाबला.

तेवढ्यात त्याच्या बायकोने ताईंचा खांदा धरून हिसडला. “तुझ्यामुळे झालं हे! तू मध्ये का पडलीस?”

ठोसा खाऊन ताईंचा चेहरा पडला नव्हता, तो आता पडला.

धक्क्यावर पोलिसांनी त्याला नेलं. ताईंचा मोडलेला जबडा हॉस्पिटलात तारांनी बांधला. कित्येक दिवस त्या पेजेवर होत्या. तारा निघाल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल?

“मी चुकले का जी?”

“नाही ताई,” मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. बोटीवर त्या डबा उघडेनाशा झाल्या. पुढे टौरंगाच्या हॉस्पिटलात नोकरी घेऊन निघून गेल्या.

परवा सकाळी फेरीवर ती बाई माझ्या शेजारी येऊन बसली. मांडीवर लहान मुलगी. नाकाचं हाड वाकडं जुळलेलं.

“तुझी मैत्रीण कुठे आहे?”

“टौरंगाला.”

तिने मांडीवरच्या मुलीला जवळ ओढलं. मग म्हणाली, “तिला सांगशील? मी त्याच्याकडे परत गेले नाही.”