भावेशच्या बाटलीतला चहा

पनवेलजवळच्या विचुंबे गावात हळद कोणाचीही असो, मांडवात एक प्रश्न ठरलेला असायचा: भामाचा भावेश आलाय का? तो आला म्हणजे यजमानाची निम्मी काळजी मिटली. प्यायला बसलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो पुरून उरायचा. समोरचा गडी खुर्चीतच पेंगायला लागला तरी हा बेंजोच्या ठेक्यावर सरळ पावलं टाकत नाचायचा, आणि वर त्याच पाहुण्याला मोटरसायकलवर मागे बसवून घरी पोचवून यायचा. एकदा नेरे गावच्या एका पाहुण्याला असाच पोचवायला गेला. पाहुण्याच्या बायकोने दार उघडलं, नवऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "याला परत ने. शुद्धीवर आला की आण." भावेशने खरंच परत नेला, आणि सकाळी आंघोळ घालून, केसांना तेल लावून आणून दिला. त्या बाईने म्हणे विचारलं, हा कोण?

ही गोष्ट गावात इतक्या वेळा सांगितली गेली की नेऱ्याच्या त्या माणसाने पुढे विचुंब्यात यायचंच सोडलं. त्याची आई भामा ती ऐकताना पदर तोंडाला लावून हसायची. तिचा नवरा महादेव पोरं लहान असताना काविळीने गेला. कावीळ कशाने झाली ते गावाला माहीत होतं, आणि गावाला माहीत आहे हे भामालाही माहीत होतं. पण जे बापाला चढत होतं ते पोराला चढतच नाही. मग बापाचं दुखणं पोराला येईल कुठून? ती असं मानून चालली होती, आणि तिला तसं नाही म्हणून सांगणारं गावात कोणी नव्हतं.

तर हा भावेश चायनाला गेला. पनवेलचा एक दिव्यांचा व्यापारी माल बघायला ग्वांगझौ शहरात जायचा, त्याने याला हाताशी म्हणून नेलं. झुंबरं मोजायची, खोकी बांधून घ्यायची. पुढे व्यापाऱ्याचा धंदा बसला, तो परत आला, आणि भावेश तिथली भाषा शिकतो असं दाखवून मागे राहिला. भाषा तो शिकलाही, पण वर्गात नाही, बारमध्ये.

तिथे त्याला नोकरी मिळाली ती बसायची. त्या शहरातल्या मोठ्या बारमध्ये परदेशी चेहरे दिसले की तिथल्या गिऱ्हाइकाला वाटतं, जागा भारीतली आहे. म्हणून मालक समोरचं एक टेबल परदेशी माणसांनी भरलेलं ठेवतो. त्यांना दारू फुकट. ते टेबल भरायचं काम भावेशचं. रशियाच्या शिकायला आलेल्या मुली, घानाचे फुटबॉल शिकवणारे, सीरियाचे कापडवाले अशी सगळी मंडळी गोळा करायची, आणि त्यांच्यात बसून हसायचं, नाचायचं, प्यायचं. मॅनेजर त्याची ओळख कधी ब्राझीलचा म्हणून करून द्यायचा, कधी तुर्कस्तानचा. विचुंब्याचा म्हणून एकदाही नाही.

"ही कसली रं नोकरी?" भामा फोनवर विचारायची. "मागे हळदीसारका आवाज येतो."

"हळदच हाय, आये. रोज हळद. फक्त नवरी नाय."

त्याने सगळ्या टेबलाला आपला नाच शिकवला. त्याचा व्हिडिओ आला तेव्हा भामाने तो आळीतल्या प्रत्येक बाईला दाखवला. एक उंच गोरी मुलगी आणि टाय लावलेले चिनी साहेब कमरेवर हात ठेवून वल्हवल्यासारखे पुढेमागे होत होते. मध्ये भावेश, हातात ग्लास. तिथे व्हिस्की जगमध्ये ओततात आणि त्यात गोड हिरवा चहा मिसळतात, हेही त्याने सांगितलं. बायका हसून बेजार झाल्या. दारूत चहा. शेजारच्या टेबलावरचा कोणी पैसेवाला उठून आला आणि 'गानबेई' म्हणाला की ग्लास तळापर्यंत रिकामा करायचा आणि उलटा करून दाखवायचा. नाही म्हणता येत नाही, कारण पगार त्याच्याच पैशातून.

फोनवर न सांगितलेलंही बरंच होतं. खिडकी नसलेल्या खोलीत तो दिवसभर झोपायचा. बाटलीवरचं लेबल विलायती असलं तरी आत काय आहे ते भरणाऱ्यालाच ठाऊक. पाय सुजायला लागले तेव्हा त्याने मोठे बूट घेतले. डोळे पिवळे झाले तेव्हा मॅनेजरने त्याला समोरच्या टेबलावरून मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलं, आणि पुढे उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. इतकी माणसं त्याने त्या टेबलावर आणून बसवली, पण विमानतळावर सोडायला त्यातलं एकही आलं नाही.

मुंबईच्या विमानतळावरून आलेली गाडी दारात थांबली तेव्हा भामाला आधी त्याचं फुगलेलं पोट दिसलं, मग त्याखालचे काडीसारखे पाय. पनवेलच्या डॉक्टरने कागदावर यकृताचं चित्र काढलं आणि पेनाने बहुतेक सगळं काळं करून टाकलं. "एक थेंब जरी गेला," तो भामाकडे बघून म्हणाला, "तरी मी काही करू शकणार नाही."

आणि नेमकं तेव्हाच भावेशच्या धाकट्या बहिणीचं, समीक्षाचं लग्न ठरलेलं. मुलगा शिरढोणचा, हृतिक नावाचा. कामाला चांगला, बोलायला गोड. त्याला वडील नव्हते, हार्ट अटॅकने गेले होते. त्याचा मामा जगन घराचा सगळा कारभार बघायचा.

"लग्न होईपर्यंत कोणाला कळता नये," भामा म्हणाली. "बाप तसा गेला, आता भाऊ. ते बोलतील, या घराच्या रक्तातच हाय. समीला पण नको सांगू."

"आये, बहिणीच्या हळदीत मी प्यालो नाय तर सांगायची गरजच नाय. सगळ्यांना कळंल."

हे मात्र खरं होतं. तेव्हा भावेशनेच वाट काढली. चायनातल्या त्याच्या टेबलावर एक रशियन मुलगी वर्षानुवर्षं बसायची, आणि जगमधला नुसता चहा प्यायची. कोणाला कधी पत्ता लागला नाही.

"मला शेवटी सांगितलंन," तो म्हणाला. "मी बोललो, आधी का नाय सांगितलंस? तर बोलली, तू कदी विचारलंस?"

मग हळदीच्या आदल्या दिवशी भामाने कोरा चहा उकळला. दूध नाही, साखर नाही. पहिला काळा झाला. "ही रम झाली, आये." दुसरा फिका पडला. तिसरा गार करून, फडक्यातून गाळून व्हिस्कीच्या रिकाम्या बाटलीत भरला आणि खिडकीशी धरला. दोघं मायलेक त्या बाटलीकडे बघून हसत सुटली, इतकी की समीक्षा बाहेरून म्हणाली, "काय चाललंय तुमचं?" तो परत आल्यापासून घरात पहिल्यांदा हसू फुटलं होतं.

हळदीला मांडव गच्च भरला. धवलारीण पाटाशी बसून लग्नाची गाणी म्हणत होती. ज्याच्या त्याच्या तोंडाला हळद फासलेली. भामाच्या मनात आलं, बरं झालं, आज पिवळ्या डोळ्यांकडे कोणाचं लक्ष जाणार नाही. दिवेलागणीला शिरढोणहून नवऱ्याची उष्टी हळद वाजतगाजत आली. पुढे जगनमामा, भरल्या अंगाचा, घामाने ओला झालेला, दिसेल त्याला मिठी मारणारा.

ही हळद आणणाऱ्यांचा मान नवरीच्या भावाने करायचा. भावेश त्यांच्यापुढे बसला. आपल्या बाटलीतून आपला ग्लास भरला, 'गानबेई' म्हणाला, रिकामा केला, उलटा धरला. मांडवाने टाळ्या वाजवल्या. जगनने लगेच तसंच केलं. मग सगळं शिरढोण गानबेई करायला लागलं.

"चायनावाले," जगन म्हणाला, "आमच्या बाटलीला हात पण लावत नाय तुमी. काय भारीतली आणलीय का? दे जरा तुज्यातली."

भावेश हात पुढे करेपर्यंत त्याने बाटली उचलून ओतली होती. एक घोट घेतला. पुन्हा एक, नीट तोंडात घोळवून.

"हा चहा हाय."

मागे कोणी तरी हसलं. जगन हसला नाही.

"आमी पोरीसाठी हळद घेऊन वाजत आलो, आन् तू आमच्यासमोर बसून चहा पितोस? आमच्या पंगतीत बसायचा कमीपणा वाटतो का रं?"

बेंजो थांबला. शिरढोणची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पाटावरून समीक्षा मान वर करून बघत होती, हळदीने माखलेल्या तोंडात नुसते डोळे दिसत होते. जगनने दुसरा ग्लास भरून पुढे धरला. भावेशने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने भामाकडे बघितलं.

भामा हातात हळदीचं ताट धरून उभी होती. वाक्य तिच्या जिभेवर होतं. भाऊ, त्याला डॉक्टरने बंद केलंय. एवढंच म्हणायचं होतं. पण समीक्षा बघत होती, शिरढोण बघत होतं, आणि भामाला वाटलं, इतकी वर्षं प्यायला, एका ग्लासाने काय होणार आहे. तिने मान खाली घातली आणि ताटातली हळद बोटाने सारखी करायला लागली.

"मामा," भावेशचा आवाज आला, "मस्करी केली. बघत होतो, तुमाला चव कळते का."

जगन गडगडून हसला. भावेशच्या हातातला ग्लास रिकामा झाला, उलटा झाला. बेंजो वाजला. आणि एक घेतला म्हटल्यावर दुसऱ्याला नाही म्हणायला कारण उरलं नाही. भावेश उठून नाचला, पूर्वीसारखाच, सरळ पावलं टाकत. जुनी माणसं म्हणाली, बघा, चायनाने पोराला काही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. बहिणीला गाडीत बसवून त्याने दार लावलं, गाडी वळेपर्यंत हात हलवला, आणि मांडवामागच्या नळावर जाऊन रक्त ओकला. समीक्षा सासरच्या पूजेला बसली तेव्हा तो दवाखान्यात होता. हातची मेंदी उतरायच्या आत ती माहेरी आली, ती त्याची तिरडी उचलायच्या वेळेला.

बाराव्याच्या आधी जगनमामा आला. मांडवाचे वासे अजून अंगणात रचलेले होते. तो ओट्यावर बसला.

"मना कोणी सांगितलं नाय, विहीणबाय," तो म्हणाला. "माज्या हातानं पाजली मी."

"सांगितलं असतं तर लग्न मोडलं असतं."

जगनने तिच्याकडे बघितलं. मग नजर वळवून वाशांकडे बघायला लागला.

"हृतिकचा बाप हार्टनं नाय गेला," तो म्हणाला. "याच्यातच गेला. आमीच लपवलं. आमाला वाटलं, कळलं तर तुमी पोरगी देणार नाय."

आत समीक्षा भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला, परत सुरू झाला.

"समीला माहीत हाय?" भामाने विचारलं.

जगनने मान हलवली. नाही.

"हृतिक घेतो का?"

"हळदीपुरता," तो म्हणाला.

भामा उठली. तिने आत जाऊन मुलीच्या हातातलं भांडं काढून घेतलं, ओला हात तसाच धरून तिला ओट्यावर आणलं आणि मामासमोर बसवलं.

"आता सांगा हिला," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा. तुमचं झालं की मी सांगते."