मगरे गुरुजी आणि बारवेचं पाणी

जालन्यात मस्तगडला आमच्या दारात पेपर वाचत बसलो होतो तेव्हा मंठ्याहून मगरे गुरुजींच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाला. मग, "तुम्हाला पहिले कळव, असं आई म्हणली." एसटीनं मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अंगणात उन्हात खुर्च्या मांडलेल्या होत्या, आणि गुरुजींच्या हाताखाली शिकलेली, आता स्वतः आजोबा झालेली माणसं बसून होती... त्याला आता दीड महिना होत आला. पेपरच्या पुरवणीसाठी चार शब्द लिहा, असं इथल्या मंडळींनी सुचवलं तेव्हा मी आधी नको म्हटलं. गुरुजींबद्दल खरं लिहायचं तर एका दिवसाबद्दल लिहावं लागतं, आणि त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं आयुष्यात एकदाच बोललो होतो. म्हणून गुरुजींच्या पत्नीला, अनसूयावहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, लिहा, पण साखर घालू नका.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. वाटूर फाट्यावरून आत, बैलगाडीच्या रस्त्यानं जावं लागे असं ते गाव. तेव्हा तो सगळा भाग परभणी जिल्ह्यात होता. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली आजची माणसं वेगळी आहेत. माझी ती पहिलीच नेमणूक. प्राथमिक शाळा, दोन खोल्या, दोन मास्तर. धोंडीराम मगरे हे हेडमास्तर आणि मी त्यांच्या हाताखाली. मला मशिदीजवळ एका घरात खोली मिळाली. गुरुजी हेडमास्तर असूनही त्यांना गावात कुणी खोली दिली नाही. ते बौद्ध. नाल्यापलीकडच्या वस्तीत एका पडवीत ते, अनसूयावहिनी आणि मुलगी सुजाता असे राहत. मी याबद्दल एकदा चिडून बोललो तर म्हणाले, "राहू द्या पठाण. तिकडून शाळा बराबर दिसती." त्यांना कडवट बोलता येत नव्हतं असं नाही, ते जपून वापरत.

त्यांची शाळा मी आधी कधी पाहिली नव्हती अशी होती. प्रार्थना झाली की पोरांनी बातम्या सांगायच्या. अट एकच, ऐकलेली बातमी चालणार नाही, डोळ्यांनी पाहिलेलीच सांगायची. मग कुणाची म्हैस व्याली, कुणाचा बैल मंठ्याच्या बाजारातून न विकता परत आला, कुणाच्या छपराचे पत्रे उडाले, हे सगळं शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर रंगवलेल्या फळ्यावर खडूनं लिहिलं जाई. शेतावर जाणारी माणसं थांबून वाचत. वाचता येत नसे ती पोरांकडून वाचून घेत. दुपारचा तास प्रयोगांचा. सायकलच्या फुटक्या डायनामोतलं लोहचुंबक, गोणपाटात उगवलेले हरभरे, तळ फुटलेल्या मडक्यात वाळू न् कोळसा भरून गढूळ पाणी गाळणं. माझे मामू जालन्यात घड्याळं दुरुस्त करत. त्यांचं एक जुनं भिंग मी नेऊन दिलं, तर गुरुजींनी त्या भिंगासाठी मुलांची रांग लावली. मुंगीचा पाय, मिठाचा खडा, आपल्याच बोटाचं कातडं... प्रत्येकानं पाहायचं आणि काय दिसलं ते एका वाक्यात सांगायचं. सुजाता तेव्हा दुसरीत होती. शाळेत ती बापाला 'गुरुजी' म्हणे आणि नाला ओलांडला की 'बाबा'. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात फळ्यावर एकच बातमी पुन्हा पुन्हा यायला लागली, आज अमक्याच्या घरी नारू निघाला. आजच्या वाचकांना नारू माहीत नसेल. पायाला फोड येई, आग होई, फोड फुटे आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जिवंत किडा बाहेर येई. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजे, माणूस महिना महिना अंथरुणाला खिळे. गावाला त्याचं काही वाटत नसे. येतो, जातो, म्हणत. गुरुजींनी मात्र एके दुपारी शाळेच्या जमिनीवर खडूनं सगळं गाव काढलं. गल्ल्या, मारुती, मशीद, बारव, नाला, पलीकडची वस्ती. ज्या घरी नारू निघाला त्या घरावर पोरांनी एकेक चिंचोका ठेवायचा. बारवेभोवतीच्या गल्ल्यांत चिंचोक्यांची दाटी झाली. नाल्यापलीकडं एकही नव्हता.

पोरं चिंचोक्यांकडं बघत राहिली. काहीतरी अवघड समोर आलंय हे त्यांनाही कळलं असावं. सुजातानंच विचारलं, "गुरुजी, आमच्याकडं कसा न्हाई?"

गुरुजींनी दुसऱ्या दिवशी बारवेचं पाणी आणलं, पातळ फडक्यातून गाळलं आणि फडक्यावर राहिलेलं पेलाभर स्वच्छ पाण्यात झटकून भिंगाखाली धरलं. पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत होते. वस्तीतल्या झिऱ्याच्या पाण्यात तसलं काही नव्हतं. झिरा म्हणजे नाल्याच्या वाळूत खणलेला खड्डा. वाळूतून झिरपून येणारं पाणी. बारवेच्या पायऱ्या उतरून बाया-माणसं पाण्यात पाय बुडवत, पायातला नारू पाण्यात पिल्लं सोडी, ती त्या ठिपक्यांच्या पोटात जात, आणि ठिपके पिणाऱ्याच्या. वर्षभरानं त्याच्या पायातून नवा दोरा. गुरुजींनी कुठल्याशा आरोग्य पत्रिकेत हे वाचलं होतं, आता डोळ्यांनी पाहिलं. वस्तीला बारवेची पायरी बंद होती. म्हणून वस्ती वाचली होती. मुलं घरी गेल्यावर ते जमिनीवरचा तो नकाशा पुसत होते, मला म्हणाले, "पठाण, बाटवायचं न्हाई म्हणून त्यांनी आम्हाला वर उभं केलं. त्याच्यानंच आमचे पाय शाबूत राह्यले. आता हे मी फळ्यावर कसं लिहू?"

त्यांनी एवढंच लिहिलं, बारवेचं पाणी फडक्यानं गाळून प्या. गावानं ते वाचलं आणि नाकं मुरडली. वस्तीतला मास्तर आमच्या पाण्याला घाण म्हणतो, असं बोललं गेलं. पोरांच्या घरी मात्र चार-दोन ठिकाणी हंड्याच्या तोंडाला फडकी आली.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. झिरा आटला. वस्तीच्या बाया बारवेच्या कठड्याशी घागर ठेवून तासन् तास उन्हात उभ्या राहत. गावातलं कुणी मनात आलं तर वरून ओतून देई. एका म्हातारीला घेरी येऊन ती तिथंच पडली, तेव्हा वस्तीतली माणसं गुरुजींकडं आली. गुरुजी तालुक्याला खेटे घालू लागले. शेवटी तहसीलदार गावात आले आणि पाटलांच्या ओसरीवर बसून सांगून गेले की बारव सरकारी आहे, सगळ्यांची आहे, कुणी अडवलं तर गय होणार नाही. खडी फोडायचं दुष्काळी काम गावाला हवं होतं. पाटलांनी मान डोलावली.

पण त्या पाण्यात काय आहे, हे गुरुजींना ठाऊक होतं. बारवेवर जायच्या आदल्या दिवशी वस्तीत बसून त्यांनी सगळ्यांना भिंगातून ते ठिपके दाखवले, गाळूनच प्यायचं म्हणून बजावलं. एक म्हातारा उठून गेला. जाताना म्हणाला, "इतकी वर्षं आमचा स्पर्श घाण व्हता. आता आम्ही जायला लागलो तर पाणीच घाण झालं का, गुरुजी?"

सकाळी वस्ती निघाली. पुढं गुरुजी, त्यांचं बोट धरून सुजाता, मागं घागरी घेतलेल्या बाया. मी शाळेच्या पोरांबरोबर कठड्याशी होतो. अख्खं गाव वर उभं होतं. शिवीगाळ नाही, आवाज नाही. गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशात घडी घातलेलं फडकं होतं. मी स्वतः पाहिलं होतं ते. पायऱ्या उतरून ते पाण्याशी थांबले. वर पाहिलं. मग वाकून ओंजळ भरली आणि प्याले. घागरीतून नाही, फडक्यातून नाही... तसेच, बारवेवर येणारी सगळी माणसं पितात तसे. सुजातानं त्यांच्याकडं पाहिलं.

"गुरुजी, पिऊ का?"

वस्तीतल्या आणि गावातल्या सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते. "पी," ते म्हणाले.

बाया त्या दिवशी रडत रडत घागरी भरून घेऊन गेल्या. गुरुजींच्या घरी दुसऱ्या दिवसापासून पाणी गाळूनच वापरलं गेलं. वस्तीत काहींनी गाळलं, काहींनी नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नाल्यापलीकडं पहिला फोड आला. मग दुसरा. मग सुजाताच्या घोट्याला. तिसरीत होती. किडा काडीला गुंडाळून ती शाळेत येई, पाय लांब करून बसे, कुणी हात लावायला आलं की ओरडे. एके दिवशी मदत करायची म्हणून शेजारणीनं जरा जोरात ओढला आणि तो आतच तुटला. पाय टरटरून सुजला. कुणी धोतऱ्याची पानं बांधली, कुणी शेणाची राख लावली. वहिनी शेतात कामाला गेल्या होत्या. आठवड्याभरानं सकाळी तिचा जबडा उघडेना. गुरुजींनी तिला खांद्यावर घेतलं, फाट्यापर्यंत चालत आले. मी बरोबर होतो. एसटीत माणसांनी जागा करून दिली. जालन्याला दवाखान्यात डॉक्टरांनी बघताच सांगितलं, धनुर्वात. तिला अंधाऱ्या खोलीत ठेवलं, कारण उजेडानं, आवाजानं झटके येत. गुरुजी तिच्या खाटेशी जमिनीवर बसून राहिले. बोलायची परवानगी नव्हती. वर्गात दिवसभर बोलणारा तो माणूस तीन दिवस एक अक्षर न बोलता बसून होता, बाहेर कुणाच्या चपला वाजल्या तरी दचकत होता. चौथ्या दिवशी ती गेली.

आम्ही तिला गावी आणलं तेव्हा गावात बोललं जाऊ लागलं होतं, बारवेतल्या आसरा कोपल्या. पाण्याच्या त्या देवींनी विटाळाचं शासन केलं. बोलणाऱ्यांत वाईट माणसंच होती असं नाही. मला रोज भाकरी देणारी घरमालकीणही हळहळत तेच म्हणाली. वस्तीतल्या बायांनी बारवेवर जाणं बंद केलं. कायद्यानं उघडलेली पायरी अशी आपोआप बंद होत होती.

मातीच्या दुसऱ्या दिवशी गुरुजी शाळेत आले. मी म्हटलं, घरी जा, मी बघतो. त्यांनी ऐकलं नाही. प्रार्थना झाली. त्या दिवशी पोरांकडं बातमी नव्हती. गुरुजींनी खडू घेतला आणि बाहेरच्या फळ्यावर स्वतः लिहिलं. अक्षर नेहमीसारखं वळणदार होतं. "सुजाता मगरे, इयत्ता तिसरी, वारली. आसरांनी नेली नाही. नारूच्या जखमेतून धनुर्वात झाला. नारू बारवेच्या न गाळलेल्या पाण्यातून आला. ते पाणी तिला मी पाजलं. बारव सगळ्यांची आहे. पाणी गाळून प्या."

माणसं येऊन वाचत होती. पाटलांची म्हातारी आई काठी टेकत आली, तिला वाचता येत नव्हतं. एका पोरीनं तिला वाचून दाखवलं. 'मी पाजलं' या शब्दांशी पोरगी अडखळली तेव्हा म्हातारीनं तिला पुन्हा वाचायला लावलं. मग ती घरी गेली. दुपारी वाड्यातल्या सगळ्या हंड्यांच्या तोंडाला लुगड्याचे तुकडे बांधलेले दिसले. हळूहळू इतरांनीही बांधले. ते फार मोठं मनपरिवर्तन वगैरे होतं असं मी म्हणणार नाही. माणसं घाबरली होती. वस्तीतल्या बाया पुन्हा पायऱ्या उतरायला लागल्या, त्याला आणखी बरेच दिवस लागले, आणि अनसूयावहिनी त्यात सगळ्यांत पुढं होत्या. दशक संपता संपता गावात हातपंप आला, बारव बुजली, नारू गेला.

माझी बदली झाली त्या दिवशी गुरुजी मला फाट्यापर्यंत सोडायला आले. एसटीला उशीर होता. तेव्हा मी ते विचारलं. खिशात फडकं होतं, मग का नाही काढलं?

त्यांनी हातातली माझी वळकटी खाली ठेवली. मग म्हणाले, "वर सगळं गाव उभं व्हतं. फडकं काढलं असतं तर ते म्हणले असते, बघा, यांना आमचं पाणी चालत न्हाई. आन् आमची माणसं म्हणली असती, गुरुजीच भेले. मी त्या दोघांचा विचार केला, पठाण. पोरीचा केला न्हाई." एसटी आली. मी चढलो. त्यांनी माझी वळकटी वर दिली.

त्याच बारवेतलं पाणी, त्याच दिवशी, तेही प्याले होते. त्यांच्या पायाला कधीच काही निघालं नाही. हे त्यांना आयुष्यभर पुरलं. नंतर त्यांना मुलगा झाला, बदल्या झाल्या, निवृत्त होऊन ते मंठ्याला स्थायिक झाले. आम्ही भेटत राहिलो, ईदला ते येत, मी जात असे. मुलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

गेल्या आठवड्यात लिहिण्याची परवानगी मागायला मंठ्याला गेलो होतो. घराच्या ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून एक रांजण आहे. निवृत्तीनंतर गुरुजींनी तो ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. रोज सकाळी स्वतः घासायचे, स्वतः भरायचे. वहिनींनी हात लावलेला चालत नसे. एकदा मुलानं लांब दांड्याची पळी आणून दिली, म्हणजे कुणीतरी बसून लोकांना वाढता येईल, तर ती त्यांनी परत करायला लावली. कुणालाही वरून ओतायचं नाही म्हणाले. ज्याला तहान लागली त्यानं आपल्या हातानं घ्यावं.

मी गेलो तेव्हा रांजण भरलेला होता. वहिनी ओल्या हातांनी ओट्यावर बसल्या होत्या. एक मजूर बाई लेकरू घेऊन आली, पेला बुडवला, आधी लेकराला पाजलं, मग स्वतः प्याली आणि निघून गेली. वहिनी ते लेकरू रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिल्या.