मोजणी जुळली

आमच्या वहिनीला मुख्याध्यापिका व्हायचं होतं. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि तोंडानं कुणी बोलत नव्हतं. ती स्वतःही कधी तसं म्हणाली नाही. पण शाळेतून आली की पर्स खाली ठेवायच्या आत तिची टकळी सुरू व्हायची. पालकसभेत नुसता गोंधळ, मधल्या सुट्टीत जिन्यावर रेटारेटी, एखादं पोरगं पडेल तेव्हा कळेल. "मी असते ना..." एवढं म्हणायची आणि पुढचं वाक्य गिळायची. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "वहिनी, होऊन जा एकदाची मोठी बाई. आमचे कान तरी सुटतील."

मी तिची नणंद. दादाहून लहान, बिनलग्नाची, घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन मांडून बसलेली. तिच्याच शाळेचे गणवेश मी शिवते. दादाचं चष्म्याचं दुकान आहे. जगाला लांबचं दाखवतो आणि घरातलं त्याला दिसत नाही, असं मी त्याला चिडवते. तो हसतो आणि पेपर वाचत बसतो.

शाळेच्या मोठ्या बाई निवृत्तीला आल्या, तेव्हा संस्थेनं जाहीर केलं की यापुढे त्या खुर्चीवर बसणाऱ्याकडे शालेय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी हवी. वहिनी तेव्हा चौथीला शिकवत होती आणि कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. तिनं ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातलं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आला. वरून इस्त्रीचा कुडता आणि खाली घरातला पायजमा, अशा थाटात ती तासाला बसायची. हेडफोन बिघडलेला, त्यामुळे स्क्रीनवरचे सर मलाही शिकवायचे. कुकरची शिट्टी झाली की ते थांबून विचारत, "मॅडम, काही अडचण?" आणि वहिनी लालबुंद होऊन आवाज बंद करायची. आम्ही पोट धरून हसायचो.

तिनं कष्टही खूप केले, ते मी नाकारत नाही. शाळा, स्वयंपाक, वह्या तपासणं आणि त्यावर हा अभ्यास. पण हळूहळू तिची भाषा बदलली. आधी तिच्या वर्गात हट्टी, रडकी, वेंधळी, गोड अशी पोरं असायची. आता ती 'पटसंख्या' म्हणू लागली. एकदा मी भाजीवरून काही बोलले, तर म्हणाली, "वन्सं, हा विषय तुमच्या अधिकारात येत नाही." दादा हसला. मीही हसले. मग एकटी असताना तेच आठवलं आणि हसू आलं नाही.

आता भिंगरीबद्दल सांगते. माझे शिवलेले गणवेश इस्त्री करून देणारी बाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहते. तिची ही एकुलती एक पोर, दुसरीत होती. बोलायची कमी आणि गलका वाढला की कानांवर हात ठेवून स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून आईनंच तिला भिंगरी नाव पाडलं. पहिलं वर्ष आईच्या नाकी नऊ आले. रोज शाळेतून तक्रार, रोज फाटकात रडारड. दुसरीत मात्र सगळं शांत झालं. "ताई, लागली बघा वळणाला," ती मला म्हणायची. "शाळेतून आता एक तक्रार नाही." मला बरं वाटायचं.

वहिनीच्या पदवीचा शेवटचा भाग प्रत्यक्ष कामाचा होता. आपल्याच शाळेत, मुख्याध्यापकांच्या देखरेखीखाली एक उपक्रम करायचा. त्याचा अहवाल वहिनीनं पाठवायचा आणि मूल्यमापन मोठ्या बाईंनी. ते आलं नाही तर पदवी नाही. वहिनीनं उपक्रम निवडला तो आग लागल्यावर शाळा रिकामी करण्याचा सराव. जिन्यावरची ती रेटारेटी तिच्या डोक्यातून गेली नव्हती.

पहिला सराव सगळ्यांना सांगून झाला. पोरं आधीच दप्तरं भरून बसलेली, शिक्षिका दारात उभ्या. कवायतीसारखं सगळं पार पडलं. स्क्रीनवरच्या सरांनी चित्रफीत पाहिली आणि म्हणाले, "हे नाटक झालं, मॅडम. न सांगता करा."

मोठ्या बाईंनी नाही म्हटलं नाही. त्या कधीच नाही म्हणत नसत. त्यांचं बोलणं म्हणजे साखर पेरलेलं. "करा की," त्या म्हणाल्या. "फक्त मला वेळ कळवून ठेवा."

वहिनीनं वेळ कळवली नाही. "बाईंना सांगितलं की शिपायाला कळणार, शिपायाला कळलं की झाडून सगळ्यांना," ती मला म्हणाली. मी म्हटलं, वा, हिच्यात अजून धमक आहे.

त्या दिवशी मी गणवेशांचं गाठोडं घेऊन शाळेत गेले होते. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि भोंगा सुरू झाला. असा कर्कश की माझ्याच काळजात धस्स झालं. वर्गावर्गातून पोरं बाहेर आली. थोडी ढकलाढकली झाली, एकाची चप्पल जिन्यात राहिली, पण रांगा उतरल्या. मैदानात प्रत्येक शिक्षिकेनं हजेरीपट उघडून डोकी मोजली आणि हात वर केला. "जुळली." "जुळली." "जुळली." वहिनी गळ्यात शिट्टी अडकवून मधोमध उभी होती आणि तिचा चेहरा असा उजळला होता की मला तिचं कौतुक वाटलं.

मोठ्या बाई धावत आल्या होत्या. त्यांनी आधी वहिनीकडे पाहिलंच नाही. त्यांनी वर पाहिलं, सगळ्यात वरच्या मजल्याकडे. मग शेवटचा हात वर झाला, तशा त्या हसल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. अख्खं मैदान टाळ्या वाजवू लागलं.

शिपायानं भोंगा बंद केला. टाळ्याही थांबल्या. आणि त्या शांततेत वरून आवाज आला. धप्. धप्. कुणीतरी लाकडावर मारत होतं.

पोरांनी माना वर केल्या. दुसरीच्या बाई मात्र स्वतःच्या चपलांकडे बघत राहिल्या. वहिनी जिन्याकडे निघाली, तशा मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, मोजणी जुळलीय. कुठे निघालात?"

वहिनी थांबली नाही. मी गाठोडं तिथेच टाकलं आणि तिच्यामागे धावले. वरच्या मजल्यावर वर्ग नाहीत. मोडकी बाकं, जुने तक्ते आणि टोकाला बंद पडलेली प्रयोगशाळा. तिच्या दाराला बाहेरून कडी होती. वहिनीनं ती काढली, तशी दाराला टेकलेली भिंगरी तिच्या अंगावरच पडली.

तिचे तळवे सुजून लाल झाले होते. कपडे ओले झाले होते. ती माझ्या पोटात डोकं खुपसून एवढंच म्हणाली, "भोंगा गेला?" मी आत पाहिलं. खाली एक चटई, पाण्याची बाटली, रंगखडूंचा डबा, कोपऱ्यात डब्यातलं सांडलेलं काही. एका दिवसाची ही मांडणी नव्हती. पोर तिथे रोज बसत होती.

मग वहिनीला ऑफिसात बोलावणं आलं. मी भिंगरीला मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. दार अर्धवट उघडं होतं आणि ते लावायची मोठ्या बाईंना गरज वाटली नाही.

"ती वर्गात बसू शकत नाही," बाई सांगत होत्या. "किंचाळते. बाकीच्या पालकांच्या तक्रारी येतात. आपल्याला तिला काढता येत नाही, नियम आहे. पण हजेरी फार कमी भरली तर पुढच्या वर्षी नाव कमी करता येतं, तोही नियमच आहे."

"म्हणजे पटावर ती रोज गैरहजर?"

"थोडेच आठवडे राहिलेत. आई गरीब आहे, प्रश्न विचारणारी नाही. आणि पोरीला आपण उपाशी ठेवतो का? रंगखडू दिलेत." मग थोडं थांबून म्हणाल्या, "हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. खुर्चीवर बसलं की कळतं. तुमचं मूल्यमापन मी आज पाठवणार होते. तुम्ही अहवालात लिहा की सर्व उपस्थित विद्यार्थी सुखरूप बाहेर आले. यात खोटं काय आहे, सांगा मला."

वहिनी गळ्यातली शिट्टी काढत बाहेर आली. शाळा सुटल्यावर शिपायानं भिंगरीच्या आईला एवढंच सांगितलं की पोर भोंग्याला घाबरली.

संध्याकाळी ती लॅपटॉप उघडून बसली. दादा म्हणाला, "लिहून टाक. एवढं केलंस, आता काठावर येऊन बुडू नकोस. उद्या तू खुर्चीवर बसलीस की सगळं तुझ्या हातात. मग काढ तिला बाहेर." त्याचं बोलणं ऐकायला बरं वाटत होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट होती. मी भडकले. "आणि तोवर पोरीनं कडी लावलेल्या खोलीत बसायचं? मी आत्ता जाते तिच्या आईकडे."

वहिनीनं माझा हात धरला. तिचे डोळे भरले होते. "वन्सं, गोंधळ घातला तर त्या काहीतरी निमित्त करून उद्याच तिचं नाव काढतील आणि मलाही. तुम्ही मला थोडा वेळ द्या. उद्यापासून मी तिला माझ्या वर्गात बसवते. हजेरीचंही मी बघते. शप्पथ." तिनं तसं सांगितलं आणि मी गप्प बसले. घरच्या माणसावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा? मग तिनं ते वाक्य लिहिलं.

पुढचे आठवडे मी अधूनमधून विचारायचे, "भिंगरी बसते ना तुझ्याजवळ?" "हो, होतंय सगळं नीट," ती म्हणायची. पण उत्तर देताना मान वर करायची नाही. आवाजही बदलला होता. तो हळू झाला होता, गोड झाला होता. दादा म्हणायचा, बायको किती शांत झालीय. मला मात्र तो आवाज ओळखीचा वाटायचा आणि कुठे ऐकलाय ते आठवायचं नाही.

वर्षअखेरीला निकाल लागला. वहिनी चांगल्या श्रेणीत पास झाली. त्याच दुपारी इस्त्रीवाली भिंगरीला घेऊन माझ्याकडे आली, तिसरीच्या गणवेशाचं माप द्यायला. तिला निकाल गल्लीतच कळला होता. "बाई कुठायत? आता त्याच मोठ्या बाई होणार ना? माझी काळजीच मिटली." ती अशी खुश होती की तिला बसायचंही सुचत नव्हतं.

मी भिंगरीला स्टुलावर उभी केली आणि हात आडवे धरायला सांगितलं. छातीचं माप घेता घेता सहज विचारलं, "वहिनीच्या वर्गात कुठल्या बाकावर बसतेस गं?"

"वरती," ती म्हणाली.

"वरती कुठे?"

"वरती. दार लावतात तिथे."

माझ्या हातातली टेप तशीच राहिली. आईला काही कळलं नाही, ती हसत होती. मी मान वळवली तर वहिनी मधल्या दारात उभी. तिनं ऐकलं होतं. मी म्हटलं, "सांग आता."

तिनं कुडत्याची घडी सारखी केली. "माप घेऊ नका, वन्सं," ती म्हणाली. "तिला पुढच्या वर्षी आपला गणवेश लागणार नाही."

"म्हणजे?" आईनं विचारलं.

"हजेरी कमी पडलीय. तसं पत्र येईल तुम्हाला. तिच्यासाठी वेगळी शाळा बरी, मी स्वतः चौकशी करून देईन."

"अहो बाई, ती तर रोज येते! मी हातानं फाटकात सोडते."

"नोंद तशी नाही," वहिनी म्हणाली.

तिचा आवाज कुठेतरी तुटेल म्हणून मी वाट पाहिली. तो तुटला नाही. हळू होता, गोड होता, आणि तो कुणाचा होता ते मला त्या क्षणी कळलं. भीती वाटली मला, माझ्याच घरात, माझ्याच वहिनीची.

मी इस्त्रीवालीला खुर्चीवर बसवलं आणि बोलायला लागले. "वन्सं, तुम्ही यात पडू नका," वहिनी म्हणाली. आतून दादा ओरडला, "अगं, राहू दे ना!" मी राहू दिलं नाही. मजला सांगितला, खोली सांगितली, कडी कुठल्या बाजूला आहे ते सांगितलं. कोणाकोणाला माहीत होतं ते सांगितलं, त्यात वहिनीचं नाव घेतलं आणि माझंही.

मला वाटलं, इस्त्रीवाली हंबरडा फोडेल. तिनं भिंगरीचे तळवे उलटे करून पाहिले, जणू अजून काही दिसणार होतं. मग विचारलं, "ती दारावर मारत होती, तेव्हा खाली कोण होतं?"

"सगळी शाळा," मी म्हटलं.

तिनं पोरीला स्टुलावरून उचलून कडेवर घेतलं. "ताई, हे तुम्ही शाळेत, मोठ्या बाईंच्या तोंडावर सांगाल?"

"सांगेन," मी म्हटलं आणि चप्पल घातली. वहिनी दारातून बाजूला झाली नाही, तेव्हा मी तिला हातानं बाजूला केलं.